गटात बसवलं म्हणजे गटकार्य होत नाही: पाचवी ते आठवीच्या वर्गासाठी

वर्गातल्या चाळीस मुलांचे चार-चारचे गट केले, प्रत्येक गटाला एक चार्टपेपर आणि स्केचपेनं दिली, 'पाण्याचे महत्त्व' हा विषय दिला, की पुढच्या अर्ध्या तासात काय होतं ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. ज्याचं अक्षर चांगलं तो लिहितो. जिला चित्र जमतं ती थेंब आणि नळ काढते. तिसरा पेनाचं टोपण उघड-बंद करत बसतो आणि चौथी शेजारच्या गटात डोकावते. शेवटी चार्ट भिंतीवर लागतो, त्याखाली चौघांची नावं येतात आणि उपक्रमाचा फोटो निघतो.

टोपण उघड-बंद करणाऱ्या मुलाला रागावण्यात अर्थ नाही. काम एकाला पुरेल एवढंच होतं, त्यामुळे ते एकानेच केलं. मुलं एकत्र काम करायला शिकावीत असं मनापासून वाटत असेल, तर आपली सगळी मेहनत गट पाडण्यात नव्हे तर काम निवडण्यात गेली पाहिजे. ज्या कामात चौथ्याशिवाय खरोखर अडतं, त्यातच चौथा बोलतो.

फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान याने माणसांना दोरी ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. १९१३ साली त्याने ते निष्कर्ष छापले. माणसं वाढत गेली तसा एकेकाचा जोर घटत गेला. आठ जण मिळून ओढू लागले तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या जेमतेम निम्मा भरला. काही जोर ताल न जुळल्यामुळे वाया जातो आणि काही 'बाकीचे ओढताहेत ना' म्हणून लागतच नाही. मैदानावर रस्सीखेच घेणाऱ्या कुणालाही हे पटेल. वर्गातल्या गटाची दुखणी हीच दोन आहेत: ताल नसतो, आणि माझ्यावाचून अडत नाही याची प्रत्येकाला खात्री असते. पुढे जे सांगितलं आहे ते या दोन दुखण्यांवरचं आहे.

आधी काम निवडा

कोणताही उपक्रम गटाला देण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा. हेच काम वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाला एकट्याला दिलं, तर तो ते तेवढ्याच वेळात पूर्ण करेल का? उत्तर 'हो' असेल तर ते काम गटाला देऊ नका, स्वाध्याय म्हणून द्या. निबंध, पाठाखालचे प्रश्न, नकाशा भरणं, तक्ता रंगवणं ही सगळी एकट्याची कामं आहेत. ती चांगली कामं आहेत, पण गटात ती ओढून-ताणून बसवावी लागतात.

काम एकट्याला न झेपणारं करायचे मार्ग थोडेच आहेत. माहिती चौघांत वाटून टाकायची, म्हणजे प्रत्येकाकडे एकच तुकडा राहील. किंवा हात कमी पडतील असं काम द्यायचं: एकाने धरायचं, दुसऱ्याने चिकटवायचं, तिसऱ्याने मोजायचं. किंवा ज्याची उत्तरं अनेक असू शकतात आणि त्यातलं एक सगळ्यांना मिळून ठरवावं लागतं असा प्रश्न द्यायचा.

दुसरी कसोटी मला तेवढीच महत्त्वाची वाटते. काम जमलं की नाही हे मुलांचं मुलांनाच कळलं पाहिजे. मनोरा पडला तर तो पडला हे सांगायला बाईंची गरज लागत नाही. 'बाई, बरोबर आहे का?' हा प्रश्न जितका कमी ऐकू येईल तितकी मुलं एकमेकांकडे जास्त पाहतील.

सुरुवात चिठ्ठ्यांच्या कोड्याने

ज्या वर्गाला गटात काम करायची सवयच नाही, त्याला पहिले एक-दोन आठवडे जोडीतच काम द्या. प्रश्नावर आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गापुढे सांगणं ही पद्धत अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठाच्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली. तिला काही सामान लागत नाही आणि बेंचही हलवावे लागत नाहीत. जोडीत बोलायची भीड मोडली की चौघांच्या गटाकडे या आणि पहिलं काम म्हणून पुढचं कोडं द्या. ते एका तासिकेत आरामात होतं.

फळ्यावर लिहा: 'देवळापासून एका रांगेत पाच दुकानं आहेत. भाजी, बांगड्या, भेळ, मडकी आणि मसाले. कोणतं दुकान कितवं?' मग प्रत्येक गटात चार चिठ्ठ्या वाटा, एकेकाला एक.

पहिली चिठ्ठी: भाजी आणि मडकी या दुकानांच्या मध्ये बरोबर तीन दुकानं आहेत.
दुसरी चिठ्ठी: भेळेच्या गाडीला लागून भाजीचं दुकान नाही आणि मडक्यांचंही नाही.
तिसरी चिठ्ठी: मसाल्याचं दुकान भाजीच्या दुकानाला लागून आहे.
चौथी चिठ्ठी: देवळाकडून निघालं की मडक्यांचं दुकान भाजीच्या आधी लागतं.

नियम एकच. आपली चिठ्ठी आपण वाचायची आणि बोलून सांगायची; ती दाखवायची नाही, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. मांडणीसाठी प्रत्येक गटाला दुकानांची नावं लिहिलेले कागदाचे पाच तुकडे द्या, म्हणजे मुलं ते सरकवून पाहतील. उत्तर आहे मडकी, बांगड्या, भेळ, मसाले, भाजी. या चारपैकी कोणतीही एक चिठ्ठी बाजूला काढली तर कोडं सुटत नाही, एकाहून जास्त उत्तरं शिल्लक राहतात. वर्गात नेण्यापूर्वी हे स्वतः करून पाहा. मुलांनाही शेवटी करून दाखवा: 'आता दुसरी चिठ्ठी नाही असं समजा. मग काय होतं?' आपली एक ओळ नसती तर सगळा गट अडला असता, हे एखाद्या अबोल मुलीला त्या क्षणी कळतं, आणि तिच्या गटालाही कळतं.

वाचायला अडखळणाऱ्या मुलांचं काय? खेळ सुरू होण्याआधी पहिली चिठ्ठी मिळालेली सगळी मुलं एका कोपऱ्यात, दुसरीवाली दुसऱ्या कोपऱ्यात अशी बोलवा. तिथे त्यांनी आपली ओळ एकमेकांना वाचून दाखवायची, तिचा अर्थ लावायचा आणि मगच गटात परतायचं. अडखळणारं मूल मग गटात ती ओळ ठामपणे सांगतं. घरी बंजारा, पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलणारी मुलं वर्गात असतील तर शब्दांसोबत छोटी चित्रंही काढा. गटात कुणी गैरहजर असेल तर एकाला दोन चिठ्ठ्या द्या.

ज्या गटाचं लवकर झालं त्याला स्वतःचं कोडं तयार करायला सांगा. शाळेतल्या खोल्या, एसटीतल्या सीट, पंगतीत बसलेले पाहुणे, काहीही चालेल. अट अशी, की प्रत्येक चिठ्ठी लागलीच पाहिजे. कोडं सोडवण्यापेक्षा हे पुष्कळ अवघड आहे आणि सातवी-आठवीची मुलं यात तासन्‌तास रमतात.

गट कसे पाडायचे

चार हा आकडा चांगला. तिघांत दोघे एक होतात आणि तिसरा बाहेर पडतो. पाच-सहा जणांत एक-दोघे सहज लपतात. बेचाळीस मुलं असतील तर आठ गट चारचे आणि दोन पाचचे करा.

हजेरीच्या क्रमांकाने गट पाडू नका. अनेक शाळांत हजेरीत आधी मुलांची नावं असतात आणि मग मुलींची, त्यामुळे आपोआप नुसत्या मुलांचे आणि नुसत्या मुलींचे गट होतात. 'आपापले गट करा' असंही सांगू नका. मुलं आपल्या आळीतल्या, वस्तीतल्या मुलांजवळ सरकतात, आणि गावात वस्ती म्हणजे बहुतेक वेळा जात असते. शिवाय दोन-तीन मुलं अशी उरतात की ज्यांना कुणीच घेत नाही. ती दोन मिनिटं त्या मुलांच्या मनात वर्षभर राहतात. गट शिक्षकानेच, घरी बसून, विचार करून पाडावेत. भरभर वाचणारं एक मूल, हाताने करण्यात वाकबगार असलेलं एक, शांत एक, बोलकं एक; मुलगे-मुली मिसळून; वस्त्या मिसळून. कुणाला कुठे का टाकलं हे वर्गात बोलून दाखवायचं नाही.

एकदा पाडलेला गट चार-पाच आठवडे तसाच ठेवा. पहिल्या आठवड्यात 'मला याच्यासोबत नको' अशा तक्रारी येतील. त्या ऐकून घ्या, पण गट मोडू नका. भांडण झालं की गट बदलून मिळतो हे मुलांना कळलं, तर भांडण मिटवायला ती कधीच शिकणार नाहीत. छळ किंवा अपमान होत असेल तर मात्र त्याच दिवशी बदला, तिथे थांबणं बरोबर नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं दिवाळीच्या सुमारास शाळेतून जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. त्यांची जागा गटात राखून ठेवा. मुलगा परतला की तो 'नवा' होऊ नये, आपल्या गटात यावा.

गटप्रमुख नको

हे माझं ठाम मत आहे. गटप्रमुख नेमला की तो मॉनिटर होतो. तो लिहितो, तोच उत्तर देतो, बाकीच्यांना गप्प बसवतो, आणि वर्षभर तोच राहतो. त्याऐवजी चार छोटी कामं ठरवा आणि दर वेळी ती फिरवा. एकजण सामान आणतो आणि परत ठेवतो. एकजण वेळ पाहतो आणि 'पाच मिनिटं राहिली' असं सांगतो. एकजण गटाचं ठरलेलं लिहितो, स्वतःचं नाही. चौथा असतो विचारणारा, आणि चौघांत हे काम सर्वांत मोलाचं आहे. 'सगळ्यांना कळलं का? तुला काय वाटतं?' असं त्याने प्रत्येकाला विचारायचं. शिक्षकाला हाक मारायचा अधिकारही त्यालाच, आणि तोही गटात कुणालाच उत्तर येत नसेल तेव्हाच. तुम्ही जवळ गेलात की गटातल्या दुसऱ्याच मुलाला विचारा, 'तुमचा प्रश्न काय आहे?' त्याला सांगता आला नाही तर काही न बोलता पुढच्या गटाकडे जा. दोन-तीन आठवड्यांत हाका निम्म्याने कमी होतात, कारण बऱ्याच प्रश्नांची उत्तरं शेजारी बसलेल्या मुलाकडेच असतात.

कामं फिरतात, पण विचार करणं चौघांकडेही राहतं, हे मात्र सुरुवातीलाच स्पष्ट सांगा.

कागदाचा मनोरा, दोनदा

पीटर स्किलमन या डिझाइनरने कच्ची स्पॅगेटी (लांब, कडक शेवया), दोरी, चिकटपट्टी आणि वर ठेवायला एक मार्शमेलो (मऊ गोड मिठाईचा गोळा) असा अठरा मिनिटांत मनोरा उभारायचा खेळ वेगवेगळ्या गटांकडून करून घेतला होता. त्यात बालवाडीतून नुकतीच बाहेर पडलेली मुलं व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरली. मोठे विद्यार्थी बराच वेळ आराखडा ठरवण्यात घालवायचे आणि शेवटच्या मिनिटाला मार्शमेलो ठेवायचे, की सगळं कोसळायचं. लहान मुलं सुरुवातीपासून तो ठेवून पाहायची, पडलं की बदलायची. करून पाहा, पडू द्या, कारण शोधा, पुन्हा करा हा समस्या सोडवण्याचा गाभा या खेळात पंधरा-वीस मिनिटांत हाताला लागतो.

आपल्या वर्गासाठी सामान रद्दीतलं: प्रत्येक गटाला वर्तमानपत्राची चार मोठी जोडपानं, एक मीटर सुतळी, अर्धा मीटर चिकटपट्टी. कात्री नाही. लक्ष्य असं: जमिनीवर स्वतःच्या पायावर उभा राहणारा, शक्य तितका उंच मनोरा, ज्याच्या माथ्यावर फळ्याचं डस्टर दहा सेकंद टिकेल. उंची मीटरपट्टीने मोजायची. भिंतीचा, बेंचचा किंवा कुणाच्या हाताचा आधार चालणार नाही. बेंच बाजूला सरकवा किंवा व्हरांड्यात सतरंजीवर बसवा. पंख्याखाली नको.

पहिली तीन मिनिटं सामानाला हात लावायचा नाही, फक्त बोलायचं. प्रत्येकाने निदान एक कल्पना सांगायची, कितीही साधी असो. मग पंधरा मिनिटं बांधणी. बांधणीला सात-आठ मिनिटं झाली की मोठ्याने सांगा: 'आत्ता, ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत, एकदा डस्टर ठेवून पाहा.' हे सांगितलं नाही तर बहुतेक गट शेवटापर्यंत थांबतात.

कागद कोपऱ्यापासून तिरका, घट्ट गुंडाळला की कडक नळी होते, तीन नळ्यांचा त्रिकोण चौकोनापेक्षा पक्का बसतो, पाया रुंद हवा. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. सांगू नका. एखादा गट नळी करतो, शेजारचा पाहतो, आणि दहा मिनिटांत वर्गभर नळ्या दिसू लागतात. त्याला नक्कल म्हणू नका. दुसऱ्याचं पाहून आपलं सुधारणं हेही मुलांना आलंच पाहिजे, आणि परीक्षेत त्याला मनाई असल्यामुळे ते शिकायची दुसरी जागा शाळेत फारशी नाही.

पहिल्या वेळी अर्धेअधिक मनोरे पडतील. पडू द्या. मग सामान आवरून गोल करून बसा आणि निदान सात-आठ मिनिटं बोला. हा भाग वेळ संपला म्हणून सोडला तर खेळ नुसता खेळ राहतो. विचारायचं एवढंच: मनोरा कुठून ढळला? कुणाची कोणती कल्पना कामी आली, नाव घेऊन सांगा. कुणाची कल्पना ऐकायचीच राहून गेली? पुढच्या वेळी पहिल्यांदा काय बदलाल? गटाने या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वहीत एका ओळीत लिहायचं.

आणि पुढच्या आठवड्यात तोच खेळ, तेच सामान, तेच गट. 'हे तर झालंय' असं मुलं म्हणतील, तरी घ्या. वहीतली ती एक ओळ वाचून सुरुवात करायची. दुसऱ्या वेळचे मनोरे बघण्यासारखे असतात, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते कानावर पडणारं बोलणं: 'थांब, मागच्या वेळी इथेच पडला होता.' नवनवे उपक्रम शोधत राहण्यापेक्षा एकच उपक्रम दोनदा घेण्याने मुलं जास्त शिकतात.

अभ्यासक्रमातला धडा गटात कसा घ्यायचा

मनोरा छान, पण पोर्शन कोण पूर्ण करणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यासाठी जिगसॉ पद्धत वापरा. अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात शाळांमधला वर्णभेद संपवून गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एकत्र बसवलं तेव्हा वर्गांत तणाव फार होता. मानसशास्त्रज्ञ इलियट अॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७१ मध्ये तिथे ही पद्धत बसवली. प्रत्येक मुलाकडे धड्याचा एकच भाग द्यायचा, म्हणजे उरलेला धडा कळण्यासाठी त्याला बाकीच्यांचं ऐकावंच लागेल. तेव्हा मुलांना स्पर्धेकडून एकमेकांच्या गरजेकडे वळवायचं होतं, आणि ती गरज आपल्या वर्गांनाही आहे.

भूगोलातला पाऊस घ्या. गटातल्या चौघांना चार भाग: कोकण किनारा, सह्याद्रीचा घाटमाथा, घाटामागचा पर्जन्यछायेचा पट्टा, आणि पूर्व विदर्भ. कोकणवाली सगळी मुलं एकत्र बसून आपला भाग वाचतात, नकाशा पाहतात आणि तो दुसऱ्याला कसा समजावायचा ते ठरवतात. चाळीस मुलांत एकेका भागाची दहा मुलं होतील. त्यांचे पाच-पाचचे दोन गट करा, दहा जणांत चर्चा होत नाही. वीस मिनिटांनी सगळे आपल्या मूळ गटात परततात आणि प्रत्येकजण आपला भाग पाच मिनिटांत शिकवतो. याला दोन तासिका जोडून घ्या, एकीत बसत नाही.

इथवर थांबलं तर मुलं चार माहितीपट एकामागून एक ऐकतात. म्हणून शेवटी चारही भाग जोडल्याशिवाय सुटणार नाही असा एक प्रश्न हवा. उदाहरणार्थ: 'सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. असं का? आणि तिथून आणखी पूर्वेला चंद्रपूरपर्यंत गेलं की पाऊस पुन्हा का वाढतो?' पहिल्या अर्ध्याचं उत्तर कोकण किनारा, घाटमाथा आणि पर्जन्यछाया जोडली की मिळतं. दुसऱ्या अर्ध्यासाठी विदर्भवाल्या मुलाकडची बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या वाऱ्यांची माहिती लागते.

शाळेतलीच खरी अडचण

खेळ आणि धडे झाले, की सहामाहीच्या आसपास मुलांना खरी समस्या द्या. ती शाळेतली असावी, मोजता येण्यासारखी असावी आणि मुलांच्या हातात तिचं काहीतरी असावं. 'प्रदूषण' ही मुलांची समस्या नव्हे. खिचडीच्या सुट्टीत हात धुवायला होणारी गर्दी ही आहे.

गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी गणितं सोडवण्यासाठी सांगितलेल्या चार पायऱ्या इथे चपखल बसतात: समस्या नीट समजून घ्या, योजना करा, योजना अमलात आणा, मग मागे वळून पाहा. आपली मुलं, आणि आपणही, पहिली पायरी गाळून थेट उपाय सांगू लागतो. 'बाई, नळ वाढवा.' म्हणून पहिले दोन दिवस उपाय बोलायलाच बंदी. फक्त मोजायचं. एक गट घंटेनंतर दर मिनिटाला किती मुलं येतात ते मोजतो. दुसरा एका मुलाला हात धुवायला किती सेकंद लागतात ते पाहतो. तिसरा बादली लावून पाणी किती जातं ते बघतो. चौथा जागेचा आराखडा काढतो आणि कुठे ढकलाढकली होते तिथे खूण करतो. बाकीचे गट वेगवेगळ्या इयत्तांच्या मुलांशी, विशेषतः पहिली-दुसरीच्या लहानग्यांशी बोलतात.

मग आकडे फळ्यावर. समजा मुलं १२०, नळ ३ आणि एकाला २० सेकंद लागतात. एका नळावर ४० मुलं, म्हणजे ८०० सेकंद, सव्वातेरा मिनिटांच्या वर. शेवटच्या मुलाची सुट्टी रांगेतच संपते. हे गणित मुलांनी स्वतः मांडलेलं असलं की 'गर्दी होते' या तक्रारीचा हिशेब होतो.

उपाय गटागटाने येतील: वर्गांची सुट्टी पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सोडणं, लहान मुलांना एक नळ राखून ठेवणं, आडव्या पीव्हीसी पाइपला भोकं पाडून एका नळावर आठ-दहा जणांची सोय करणं. प्रत्येक उपायापुढे खर्च किती, कुणाची परवानगी लागेल आणि कुणाला त्रास होईल हे तीन रकाने भरायला लावा. 'कुणाला त्रास होईल' हा रकाना कधीच गाळू नका. मग बिनखर्चाचा उपाय आधी दोन दिवस करून पाहायचा आणि पुन्हा मोजायचं. वेळ खरंच कमी झाला का? कमी झाला नाही तर तेही आकड्यांनी लिहायचं. पाइपचा उपाय योग्य ठरला तर मुलांनीच शाळा व्यवस्थापन समितीला पत्र लिहावं आणि सोबत आपला तक्ता जोडावा. मराठीच्या तासाचं औपचारिक पत्रलेखन त्यातच होतं. गळका नळ, वाचनालयातून हरवणारी पुस्तकं, पावसात तुंबणारं शाळेचं फाटक हे विषयही असेच घेता येतील.

तेव्हा शिक्षकाने काय करायचं

गट कामाला लागले की पहिली पाच मिनिटं कुठल्याही गटाजवळ जाऊ नका. तुम्ही जवळ आलात की मुलांच्या नजरा एकमेकांवरून उठून तुमच्याकडे वळतात. लांब उभं राहून पाहा. कोण बोलतंय, कोणाची मान खाली आहे, कागद कुणाच्या पुढ्यात आहे. ज्याच्या हातात कागद आणि पेन, त्याच्या हातात गट असतो. म्हणून कागद गटाच्या मधोमध ठेवायची सवय लावा.

गप्प बसणाऱ्या मुलाला 'बोल ना रे' म्हटल्याने ते बोलत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एलिझाबेथ कोहेन यांनी यावर बरंच काम केलं. वर्गात कोण हुशार आणि कोण 'ढ' हे मुलांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं, त्यामुळे 'ढ' ठरलेल्या मुलाचं बरोबर उत्तरही गट ऐकत नाही, हे त्यांनी दाखवलं. त्यांचा एक उपाय सहज करण्यासारखा आहे. त्या मुलाने खरोखर चांगलं केलेलं काहीतरी हेरा आणि सगळ्यांसमोर, नेमक्या शब्दांत सांगा: 'पाया रुंद करायचं तिने सुचवलं, म्हणून तुमचा मनोरा उभा राहिला.' नुसतं 'शाब्बास' चालत नाही आणि खोटी स्तुती तर मुलं लगेच ओळखतात. त्यासाठी कामं अशी हवीत की त्यात वाचन-लेखनाखेरीज हाताचं कसब, मोजणं, चित्र, लोकांशी बोलणं असं काहीतरी लागेल. ज्या मुलाने घरी शेळ्यांचा गोठा बांधायला मदत केली आहे, त्याला मनोऱ्याबद्दल पुस्तकी हुशार मुलापेक्षा जास्त कळतं.

गटात भांडण झालं तर न्यायनिवाडा करू नका. 'तुमच्यात नेमकं कशावर जुळत नाहीये ते दोघांनी एकेका वाक्यात सांगा' एवढं म्हणा. पुष्कळदा ते वाक्य तयार करतानाच भांडण विरतं. नाहीच विरलं तर दोन्ही कल्पना दोन-दोन मिनिटं करून पाहायला सांगा.

आवाज होणारच. मुख्याध्यापकांना आणि शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना आदल्या दिवशी सांगून ठेवा. थांबण्याची खूण ठरवा: तुम्ही हात वर केलात की ज्याला दिसेल त्याने बोलणं थांबवून हात वर करायचा. टेबलावर डस्टर आपटण्यापेक्षा हे लवकर होतं.

गुण कसे द्यायचे

सगळ्या गटाला एकच गुण देऊ नका. ज्याने काही केलं नाही त्याला ते फुकट मिळतात, ज्याने केलं त्याला ते टोचतात, आणि पालकांची तक्रारही योग्यच असते. काम गटाचं, जबाबदारी एकेकाची असं ठेवा. सुरुवातीलाच सांगा, की शेवटी गटातल्या कुणाचंही नाव चिठ्ठी टाकून निघेल आणि त्याने गटाचं उत्तर कारणांसह सांगायचं. मग हुशार मुलालाही शेजाऱ्याला समजावण्यात रस वाटू लागतो, कारण नाव कुणाचं निघेल हे माहीत नसतं. दुसऱ्या दिवशी त्याच विषयावर दोन-तीन प्रश्नांची छोटी चाचणी, प्रत्येकाची वेगळी.

नोंदींसाठी वेगळं ओझं वाढवायला नको. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन राज्यात २०१० पासून आहे आणि आकारिक, म्हणजे शिकता-शिकता वर्षभर होणाऱ्या, मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण, उपक्रम, प्रकल्प यांना जागा आहेच. एका तासिकेत दोनच गट ठरवून पाहा आणि त्या आठ मुलांपुढे एकेक ओळ लिहा. 'सहकार्य करतो' असं लिहू नका, त्यातून कुणालाच काही कळत नाही. 'दुसऱ्याची कल्पना स्वतःच्या शब्दांत सांगून मग आपली सांगितली' असं, डोळ्यांनी दिसलेलं लिहा. महिन्या-सव्वा महिन्यात सगळा वर्ग दोनदा पाहून होतो.

मोठे वर्ग आणि दोनशिक्षकी शाळा

साठ मुलांच्या वर्गात पंधरा गट एकदम सांभाळणं कठीण जातं. तिथे अर्ध्या वर्गाला गटकाम आणि अर्ध्याला वहीतला स्वाध्याय द्या, दुसऱ्या दिवशी उलट करा. बेंच जमिनीला पक्के असतील तर पुढच्या बेंचवरच्या दोघांनी मागे वळून बसलं की चौघांचा गट होतो.

बहुवर्ग असलेल्या शाळेत तिसरी ते पाचवीचे मिश्र गट करता येतात. चिठ्ठ्यांच्या कोड्यात लहान मुलाला सर्वांत सोपी पण अटळ चिठ्ठी द्या. वरच्या कोड्यात ती चौथी. मोठ्या मुलांना त्याच्याकडे वळून विचारावंच लागेल.

चिठ्ठ्यांचे संच जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांत ठेवा, वर इयत्ता आणि उत्तर लिहा. मनोऱ्याची सुतळी धुवून-गुंडाळून पुन्हा वापरता येते. मुलांनी तयार केलेली चांगली कोडी त्यांच्या नावासह त्याच खोक्यात घाला आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेला ते खोकं सोबत न्या. शेजारच्या शाळेच्या मुलांनी आपलं कोडं सोडवलं हे कळलं की पुढचं कोडं मुलं न सांगता तयार करतात.